इंग्रजींत बोलावें, पण कशाविषयीं?

इंग्रजी वाचणें निराळें आणि इंग्रजींत बोलणें निराळें, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतून कोणास नव्यानें पटवून द्यावयास नको. ज्या घरांत दोन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येत आहे, कपाटांत इंग्रजी ग्रंथांच्या रांगा आहेत आणि कचेरीचीं पत्रें बिनचूक इंग्रजींत लिहिलीं जात आहेत, त्याच घरीं एखादा परदेशी पाहुणा आला कीं निम्मीं माणसें चहाच्या निमित्तानें आंत निघून जातात. मुलाखतीस गेलेला हुशार मुलगा उत्तर ठाऊक असूनहि दोन वाक्यांत आटोपतें घेतो. आणि अमेरिकेंत जन्मलेल्या नातवाशीं दर रविवारीं संगणकाच्या पडद्यावर भेटणारे आजोबा "हाऊ आर यू?" या प्रश्नाच्या पुढें जाऊं शकत नाहींत.

यावर उपाय म्हणून हल्लीं पुष्कळजण बोलण्याच्या सरावासाठीं एखादा जोडीदार शोधतात. तो मिळणें पूर्वीइतकें कठीण राहिलेलें नाहीं. शेजारची मैत्रीण असो, नात्यांतील कोणी असो, वा इंटरनेटच्या साह्यानें गांठ पडलेला दूरदेशींचा मनुष्य असो, ठरल्या वेळीं अर्धा तास बोलावयाचें असा नेम दोघे करतात. पहिला दिवस झकास जातो. नांव, गांव, शिक्षण, नोकरी, घरीं माणसें किती, छंद कोणते, इतक्यांत अर्धा तास सरतो. दुसऱ्या दिवशीं हवापाणी व जेवणखाण होतें. तिसऱ्या दिवशीं एकजण "व्हॉट एल्स?" म्हणतो, दुसरा "नथिंग मच" म्हणतो, आणि मग दोघेहि घड्याळाकडे पाहूं लागतात. पंधरवड्याच्या आंत नेम मोडतो, आणि आपल्याला इंग्रजी यावयाचेंच नाहीं हा समज मात्र पक्का होऊन बसतो.

हा समज खोटा आहे. स्वतःची माहिती ज्यानें एक दिवस इंग्रजींत सांगितली, त्याला व्याकरण पुरतें. तिसऱ्या दिवशीं त्याच्याजवळचा विषय संपला, इतकेंच. आणि तो संपला याचें कारण आपण विषय भलत्याच ठिकाणीं शोधतों.

विषय कोठें शोधूं नये

बोलावयास विषय हवा म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेंतील निबंधाचे मथळे उभे राहतात: शहर बरें कीं खेडें, विज्ञान हा शाप कीं वर, वर्तमानपत्रांचे फायदे. या विषयांवर बोलावयास बसलेले दोघेहि तेच चार मुद्दे मनांत घेऊन आलेले असतात. एकाचें बोलणें दुसऱ्यास नवें नसतें. म्हणून तो ऐकत नाहीं, आपली पाळी केव्हां येते याची वाट पाहतो. ऐकणाऱ्यास कांहीं जाणून घ्यावयाचें नसेल तर बोलणाऱ्यास शब्द सुचत नाहींत, हा अनुभव मातृभाषेंतहि येतो. मग परक्या भाषेंत तो आला यांत नवल काय?

भाषा शिकविणाऱ्यांच्या ध्यानांत ही गोष्ट आली, तेव्हां १९७० नंतरच्या काळांत त्यांनीं 'माहितीची दरी' ही कल्पना वर्गांत आणली. एका विद्यार्थ्याच्या हातीं आगगाडीचें अर्धें वेळापत्रक द्यावयाचें, दुसऱ्याच्या हातीं उरलेलें अर्धें, आणि एकमेकांस विचारून तें पुरें करावयास सांगावयाचें. एरव्हीं तोंड न उघडणारीं मुलेंहि मग बोलूं लागतात, कारण न बोलून चालत नाहीं. यावरून आपल्यालाहि एक सोपी कसोटी मिळते. जें मला ठाऊक आहे आणि माझ्या जोडीदारास नाहीं, तो माझा विषय. जें त्याला ठाऊक आहे आणि मला नाहीं, तो माझा प्रश्न.

नुसतें वाचून आणि ऐकून बोलणें कां येत नाहीं, याचाहि शोध झालेला आहे. कॅनडांत इंग्रजी घरांतील कांहीं मुलांचे शाळेंतील विषय फ्रेंच भाषेंतून शिकविले जात. कित्येक वर्षें फ्रेंच ऐकून त्यांस ती भाषा उत्तम समजूं लागली. परंतु बोलण्यांत व लिहिण्यांत तीं फ्रेंच घरांतील मुलांच्या बरोबरीस येईनात. मेरिल स्वेन या विदुषींनीं १९८५ सालीं याची मीमांसा केली. ऐकतांना मनुष्य अंदाजानें अर्थ लावून पुढें जाऊं शकतो. बोलतांना मात्र त्याला शब्द निवडावा लागतो, वाक्य बांधावें लागतें, आणि आपल्याला नेमकें काय येत नाहीं हें त्याच वेळीं कळतें. चाळीस वर्षें इंग्रजी वर्तमानपत्र वाचून पाहुण्यांपुढें गप्प बसणाऱ्या आपल्या वडीलमंडळींची स्थिति याहून निराळी नाहीं.

घर हाच विषयांचा सांठा

वरील कसोटी लावून आपल्याच घराकडे पाहावें. इंग्रजींत काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या चौघांना मिळून 'अंकल' हा एकच शब्द आहे. वहिनी, नणंद, जाऊ आणि मेहुणी या चौघीहि 'सिस्टर-इन-लॉ' या एका नांवाखालीं जातात. आतां गौरीगणपतींत घरीं कोणी काय केलें हें परक्या माणसास सांगावयाचें झालें, तर प्रत्येक नातें उलगडून सांगावें लागतें: नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको, आईचा थोरला भाऊ. इतकें सांगितलें कीं ऐकणारा विचारतोच, एवढे निरनिराळे शब्द तुम्हांला लागतात कशाला? मग बारशाला बाळाच्या कानांत नांव आत्या सांगते, लग्नांत मुलीस बोहल्यावर मामा आणतो, प्रत्येक नात्याचा मान निराळा असतो, हें सांगणें ओघानें येतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाजवळ हा विषय महिनाभर पुरेल इतका असतो. आणि परदेशी जोडीदारास तो कोणत्याहि निबंधाहून अधिक गोड लागतो.

स्वयंपाकघराचेंहि तसेंच. फोडणी या शब्दास इंग्रजींत रोजच्या वापरांतला नेमका शब्द नाहीं, म्हणून अडून बसूं नये. तेल तापवावें, मोहरी टाकावी, ती तडतडली कीं हिंग व हळद घालावी, आणि तें सारें आमटीवर ओतावें, असें क्रमानें सांगत गेलें म्हणजे पांच वाक्यें होतात. आधीं काय, मग काय, आणि तसें न केल्यास काय होतें, हें सांगण्याची संवय यांतूनच लागते. आणि कचेरींत वरिष्ठांस एखादें काम समजावून देतांना हीच संवय उपयोगी पडते. नेमका शब्द नसतांना वर्णनानें काम भागविणें ही बोलणाऱ्याची मोठी विद्या आहे. अडकित्ता, पाटा-वरवंटा, देवघरांतील सहाण, अशी एकेक वस्तु हातांत धरून जोडीदारास ओळखावयास लावावी.

पंचांग हा तिसरा विषय. गणेशचतुर्थी २०२२ सालीं ३१ ऑगस्टला आली आणि २०२३ सालीं १९ सप्टेंबरला. असें कां, हें परदेशी मनुष्य हटकून विचारतो. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. दर वर्षीं पडणारा अकरा दिवसांचा फरक सांठत जातो, आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनीं एक अधिक महिना धरून तो भरून काढतात. २०२३ सालीं असा अधिक श्रावण आला होता. हें सांगून झालें कीं जोडीदारास विचारावें, तुमचा ईस्टर तरी दर वर्षीं एका तारखेस कोठें येतो? तो सांगेल कीं वसंतसंपाताची तारीख २१ मार्च धरून, तेव्हां किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवारीं ईस्टर मानतात. चंद्रावर चालणारे सण त्यांच्याकडेहि आहेत हें कळलें म्हणजे दोघांमधील परकेपणा थोडा कमी होतो.

हवेविषयीं बोलणें हा इंग्रजांचा जुना परिपाठ आहे. दोन इंग्रज भेटले कीं पहिलें बोलणें हवेचें, या संवयीवर डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५८ सालींच 'आयडलर' या लेखमालेंत लिहिलें आहे. परंतु हवा हा संभाषणाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर बसून राहूं नये. "आज उकडतें आहे" म्हटल्यावर वळवाचा पाऊस म्हणजे काय, तो आणि मृगाचा पाऊस यांत भेद कोणता, पहिल्या सरीनंतर मातीचा वास कसा येतो, असें आंत शिरावें.

दोन थोर उदाहरणें

घरचे विषय घेऊन परक्या भाषेंत बोलणें हें कमीपणाचें आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यांनीं आनंदीबाई जोशी यांचें चरित्र पाहावें. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार १८८० सालीं सुरू झाला, तेव्हां आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. त्या पत्रांतून विषय कोणते निघत? हिंदूंचे आचार, लग्नाच्या चाली, स्त्रियांची स्थिति, धर्म. कार्पेंटरबाईंना जें ठाऊक नव्हतें तें आनंदीबाईंच्या रोजच्या पाहण्यांतलें होतें. दोघींनीं एकमेकींस पाहिलेंहि नव्हतें, तरी या देवघेवींतून असा स्नेह जडला कीं १८८३ सालीं आनंदीबाई समुद्रापार गेल्या त्या याच बाईंच्या घरीं उतरल्या. पुढें १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंध लिहिला तोहि हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परक्यांच्या विद्यालयांत त्यांनीं आपल्या घरचें ज्ञान मांडलें.

दुसरें उदाहरण रमाबाई रानडे यांचें. न्यायमूर्तींनीं त्यांस आधीं मराठी व मग इंग्रजी शिकविलें. आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें मुळींच रुचलें नाहीं. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनीं तो छळ मनांत कडवटपणा न ठेवतां सांगितला आहे. शिकणाऱ्यास अडथळा पुस्तकाचा नसतो. घरांतल्या घरांत होणाऱ्या टोमण्यांचा असतो, हें त्या आठवणी वाचतांना पदोपदीं जाणवतें.

विचारावें कसें

आपल्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असलें तरी विचारणाऱ्यानें दार उघडें ठेवलें पाहिजे. "तुम्हांला चहा आवडतो का?" या प्रश्नास "होय" म्हटलें कीं संभाषण संपलें. "तुमच्या घरीं सकाळचा चहा कोण करतें, आणि कसा?" असें विचारलें तर उत्तर देणाऱ्यास चार वाक्यें बोलावींच लागतात. प्रश्नांची एक शिडी मनांत ठेवावी: आधीं काय घडलें, मग तें कसें किंवा कां घडलें, आणि शेवटीं तुम्हांला त्याचें काय वाटलें. साध्या आगगाडीच्या प्रवासावरहि या तीन पायऱ्यांनीं वीस मिनिटें बोलतां येतें.

उत्तर देणाऱ्यानेंहि एक नियम पाळावा. जेवढें विचारलें तेवढें सांगावें, त्यांत आपल्या पदरचें एक वाक्य घालावें, आणि मग एक प्रश्न परत करावा. संभाषण म्हणजे उलटतपासणी नव्हे.

कांहीं प्रश्न मात्र प्रारंभीं टाळावे. पगार किती, वय काय, लग्न कां केलें नाहीं, मुलें किती, हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीनें विचारले जातात. इंग्रज वा अमेरिकन मनुष्यास पहिल्या भेटींत ते चोंबडेपणाचे वाटतात. मतांचे वाद घालावयाचे तर तेहि लहान व जवळचे घ्यावे. देशाचें शिक्षण सुधारावें कसें, यापेक्षां आपल्या मुलीस कोणत्या माध्यमाच्या शाळेंत घालावें, या प्रश्नावर मनुष्य जीव ओतून बोलतो.

नेम कसा ठेवावा

१९६३ सालीं फ्रान्स व जर्मनी यांच्यांत मैत्रीचा तह झाला आणि दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीगांठींसाठीं एक संस्था निघाली. त्या भेटींतून एक फ्रेंच व एक जर्मन अशा जोड्या लावून एकमेकांस भाषा शिकविण्याची पद्धत पुढें आली. तिला 'टँडम' म्हणतात. दोघांनीं मिळून चालविण्याच्या सायकलीचें तें नांव आहे. या पद्धतीचा मुख्य नियम असा कीं अर्धा वेळ एकाची भाषा आणि अर्धा वेळ दुसऱ्याची. त्यामुळें कोणी कोणाचा उपकृत राहत नाहीं. आपला जोडीदार इंग्रजीभाषी असेल आणि त्याला मराठी वा हिंदी शिकावयाची हौस असेल, तर हा नियम अवश्य लावावा. अर्ध्या तासापूर्वीं जो अडखळत होता तोच आतां शिकविणारा होतो, आणि अडखळण्याची लाज दोघांचीहि सारखीच ओसरते.

भेटीपूर्वीं दहा मिनिटें एकाच विषयाचा विचार करावा. एका लहान वहींत लागतील असे पांचसहा शब्द व तीन प्रश्न टिपून ठेवावे. भाषण लिहून पाठ करूं नये. पाठ केलेलें विसरलें कीं सगळेंच विसरतें. एकाच विषयावर पुनःपुन्हां बोलण्यांत संकोच मानूं नये. न्यूझीलंडचे प्राध्यापक पॉल नेशन यांनीं १९८९ सालीं एका युक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीच हकीगत तीन निरनिराळ्या श्रोत्यांस सांगावयाची. पहिल्यास ४ मिनिटांत, दुसऱ्यास ३ आणि तिसऱ्यास २ मिनिटांत. विषय ठाऊक झालेला असल्यामुळें दर खेपेस शब्द शोधण्याचा वेळ कमी लागतो व जीभ मोकळी होते. एकत्र कुटुंबांत तीन श्रोते शोधावयास लांब जावें लागत नाहीं.

चुका दुरुस्त करण्यालाहि वेळ असावी. प्रत्येक क्रियापदावर टोकलें तर बोलणारा सांगावयाचें तें विसरतो. जोडीदारानें चुका टिपून ठेवाव्या आणि शेवटचीं पांच मिनिटें त्यांसाठीं राखावीं. अर्थच कळला नाहीं तर मात्र तेथेंच थांबवून विचारावें. समजलें नाहीं म्हणून विचारणें आणि निराळ्या शब्दांत पुन्हां सांगणें, याच ठिकाणीं शिकणाऱ्याची भाषा पुढें सरकते.

परदेशी शिक्षणासाठीं ज्यांस 'आयेल्ट्स' परीक्षा द्यावयाची असते त्यांनींहि हाच मार्ग धरावा. तिची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. प्रारंभीं घर, काम, आवडीनिवडी यांविषयीं प्रश्न येतात. मग एक विषय देऊन, एक मिनिट विचारास मिळून, एक ते दोन मिनिटें सलग बोलावें लागतें, आणि तो विषय बहुधा आपल्या आयुष्यांतील एखादी व्यक्ति, स्थळ, वस्तु वा प्रसंग हाच असतो. परीक्षकहि अखेर आपलें घरच विचारतो!

दोघे मराठीच असतील तर

दोन मराठी माणसांनीं एकमेकांशीं इंग्रजींत बोलणें ही खरी कठीण गोष्ट आहे. दोघांस सारखेंच ठाऊक असतें, आणि मराठीची वाट जवळ असते. येथें माहितीची दरी मुद्दाम पाडावी लागते. वर्तमानपत्राचें एक पान एकीनें वाचावें, दुसरें दुसरीनें. एकानें चित्र वर्णन करावें, दुसऱ्यानें न पाहतां तें कागदावर काढावें. एक कोंकणांतील व एक वऱ्हाडांतील असेल तर माहेरचा पावसाळा, माहेरचें जेवण, लहानपणचे खेळ यांत पुष्कळ अंतर सांपडतें. बँकेंत काम करणाऱ्या दिरानें धनादेश एका बँकेंतून दुसरींत कसा वठतो तें सांगावें, आणि शाळेंत शिकविणाऱ्या भावजयीनें हट्टी मुलास वळण कसें लावतात तें सांगावें. एकाच छपराखालीं राहून एकमेकांच्या कामाविषयीं आपल्याला किती थोडें ठाऊक होतें, याचें दोघांनाहि आश्चर्य वाटेल.

घरच्या मंडळींस विनंति

अखेर दोन शब्द ऐकणाऱ्या मंडळींसाठीं. घरांतील सून वा मुलगा फोनवर अडखळत इंग्रजी बोलूं लागला कीं बाहेरच्या खोलींत खसखस पिकते. "काय मडमबाई!" असें सहज म्हटलें जातें. म्हणणारा तें विसरतो. ऐकणारी मात्र दुसऱ्या दिवसापासून दार लावून बोलते, आणि तिसऱ्या दिवशीं बोलतच नाहीं. रमाबाईंच्या काळीं विरोध उघड होता, आतां तो थट्टेचें रूप घेऊन येतो, एवढाच फरक. ज्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें शिकणाऱ्यास तीन पिढ्यांचे श्रोते आयते मिळतात. ते हंसणारे असावे कीं ऐकणारे, हें घरानें ठरवावयाचें आहे.

आणि आजोबाआजींनीं तर या कामीं पुढाकार घ्यावा. परदेशांत वाढणाऱ्या नातवंडांस मराठी थोडें येतें, आपल्याला इंग्रजी बोलण्याचा सराव थोडा, म्हणून दर आठवड्याची भेट "जेवलास का?" आणि "गुड, आजी" यांत संपते. टँडमचा नियम येथें लावून पाहावा. पंधरा मिनिटें आपण इंग्रजींत बोलावें आणि चुका काढण्याचा अधिकार नातवास द्यावा. तो तें मोठ्या आनंदानें करील. पुढचीं पंधरा मिनिटें त्यानें मराठींत बोलावें. त्याच्या शाळेंतील डबा कसा असतो, बर्फ पडल्यावर मुलें काय करतात, हें आपण विचारावें. त्याचे बाबा लहानपणीं कोणत्या झाडावरून पडले, हें आपण सांगावें. तो विषय दुसऱ्या कोणापाशीं नाहीं, आणि आपण तो सांगितला नाहीं तर त्याला तो कधींच कळणार नाहीं.